पापणीवरची गाठ: कोल्हापूरच्या ओपीडीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात डोळ्यांचा डॉक्टर. त्यातही माझं काम पापण्या, अश्रुमार्ग आणि डोळ्याभोवतीच्या भागाचं. पापणीचा कॅन्सर तसा कमी दिसणारा आजार, पण जे रुग्ण येतात ते बहुतेक उशिरा येतात आणि प्रश्न तेच घेऊन येतात. ज्या शब्दांत प्रश्न कानावर आले, जमेल तितके त्याच शब्दांत खाली ठेवलेत. हे वाचून घरच्या घरी निदान करू नका. गाठ दाखवायची की नाही, एवढं ठरवता आलं तरी पुष्कळ झालं.

"डॉक्टर, पापणीला कुठं कॅन्सर होतोय व्हय?"

होतो. पापणी म्हणजे नुसती कातडीची झडप नव्हे. बाहेरून शरीरातली सगळ्यात पातळ कातडी, तिच्याखाली डोळा मिटणारा स्नायू, मग टार्सस नावाची कडक पट्टी आणि आतून डोळ्याला टेकणारा ओला पडदा. त्या पट्टीत तेल तयार करणाऱ्या ग्रंथी उभ्या रांगेत असतात. वरच्या पापणीत तीसेक, खालच्या पापणीत त्याहून थोड्या कमी. हे तेल अश्रूंवर पसरतं म्हणून डोळा कोरडा पडत नाही. यातल्या कातडीचा कॅन्सर होऊ शकतो आणि तेलग्रंथींचाही.

किती प्रकारचा असतो? सगळे सारखेच वाईट का?

सारखे मुळीच नाहीत, म्हणून "कॅन्सर आहे" एवढ्यावर थांबू नका, कोणता ते विचारा.

जगभरात सगळ्यात जास्त दिसतो तो बेसल सेल कार्सिनोमा. गोऱ्या लोकांच्या देशांत पापणीच्या दहा कॅन्सरांपैकी आठ-नऊ हेच निघतात. खालची पापणी आणि नाकाकडचा कोपरा या त्याच्या आवडीच्या जागा. मोत्यासारखी चकाकणारी गाठ, उचललेल्या कडा, मध्ये खळगा, वर बारीक लाल शिरा, असं त्याचं पुस्तकी चित्र आहे. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत तो बऱ्याचदा काळा दिसतो, आणि घरची मंडळी त्याला तीळ समजून वर्षं काढतात. हा सावकाश चालणारा आजार. शरीरात दूर पसरणं फार विरळ, शंभरात एकालाही नाही. पण जागच्या जागी कुरतडत जातो. नाकाकडच्या कोपऱ्यातला तर आत हाडापर्यंत पोचू शकतो, कारण तिथं कातडी आणि हाड यांच्यात फारसं काही नसतंच.

दुसरा तेलग्रंथींचा, म्हणजे सेबेशियस ग्लँड कार्सिनोमा. पाश्चात्त्य पुस्तकांत याला दुर्मीळ म्हटलेलं असतं, आणि आमच्यातले कित्येक जण तीच पुस्तकं वाचून डॉक्टर झालेत. आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने पाचशेहून जास्त भारतीय रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा पापणीच्या कॅन्सरांपैकी निम्म्याहून थोडे अधिक या प्रकारचे निघाले. बेसल सेल साधारण पाव हिस्सा. तेलग्रंथी वरच्या पापणीत जास्त, म्हणून हा वरच्या पापणीत जास्त दिसतो. रंगाला पिवळट. हा लबाड आहे. साध्या गाठीचं सोंग घेतो, कधी नुसत्या लाल डोळ्याचं. आणि कानापुढच्या किंवा जबड्याखालच्या लसिका ग्रंथींत जाऊ शकतो, तिथल्या सुजेला लोक अवधान म्हणतात.

तिसरा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. खपली धरणारी, पडणारी, पुन्हा धरणारी, बरी न होणारी जखम. हाही ग्रंथींत आणि मज्जातंतूंच्या कडेकडेने पसरू शकतो. मेलॅनोमा पापणीवर फार कमी.

रांजणवाडी आणि ही गाठ, फरक कळायचा कसा?

सगळ्या पानातला हा प्रश्न महत्त्वाचा, म्हणून सावकाश सांगतो.

रांजणवाडी दुखते. लाल होते, ठणकते, पू धरते आणि आठ-दहा दिवसांत फुटून किंवा विरून जाते. तिच्यामागून कधीकधी एक न दुखणारी, वाटाण्यासारखी गाठ उरते. तेलग्रंथीचं तोंड तुंबून झालेली ही गाठ. डॉक्टर तिला कॅलेझियन म्हणतात. शेक आणि मसाज यांनी बऱ्याच जणांची जाते, नाही गेली तर भूल देऊन आतून छोटा चिरा देतात आणि साफ करतात. पाच मिनिटांचं काम. तरुण मुलामुलींत अशा गाठी ढिगाने होतात, त्यांनी हे वाचून रात्रीची झोप घालवू नये.

काळजी केव्हा करायची? चाळिशी-पन्नाशीनंतर आलेली गाठ साफ केल्यावर पुन्हा त्याच जागी आली तेव्हा. गाठीजवळचे पापणीचे केस गळाले तेव्हा. साधी गाठ सहसा केसांना धक्का लावत नाही, कॅन्सर त्यांची मुळं खातो. पापणीची कड जाड, खडबडीत झाली किंवा तिला खाच पडली तेव्हा. गाठीवर जखम होऊन रक्ताचा ठिपका उशीला लागू लागला तेव्हा. आणि एकच डोळा महिनोन्‌महिने लाल, चिकट राहतोय, थेंब बदलून बदलून झाले, दुसरा डोळा मात्र स्वच्छ आहे, तेव्हाही. डोळे येण्याची साथ एका डोळ्यात सहा महिने मुक्काम करत नाही.

दुखत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात. इथं न दुखणं हीच अडचण आहे.

माझीच एक चूक सांगतो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत करवीर तालुक्यातल्या एक आक्का आल्या, साठीच्या. वरच्या पापणीत गाठ. मी चिरा देऊन साफ केली, मलम दिलं. चार महिन्यांनी परत तिथंच. पुन्हा साफ केली. दोन्ही वेळा निघालेला तुकडा गॉजमध्ये गुंडाळून बादलीत गेला. तिसऱ्या खेपेला केस गळालेले दिसले, तेव्हा कुठे तुकडा तपासायला पाठवला. तेलग्रंथीचा कॅन्सर. पहिल्या वेळीच कळलं असतं तर चार टाक्यांत भागलं असतं. नंतर अर्धी पापणी नव्याने बांधावी लागली. आक्का बऱ्या आहेत, वर्षातून एकदा दाखवून जातात. एकदा मीच हिय्या करून त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आता तरी पाठवता न्हवं?"

पाठवतो. मोठ्या माणसाच्या पापणीतून काढलेली गाठ, विशेषतः दुसऱ्यांदा आलेली, मी तपासल्याशिवाय सोडत नाही. तुम्ही कुठेही गाठ काढून घ्या, उठताना एकच विचारा: "तुकडा तपासायला पाठवला का?" हा प्रश्न विचारल्याने कुठल्याही शहाण्या डॉक्टरला राग येत नाही.

लवंग उगाळून लावली होती. चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधला होता. चालतंय का?

रांजणवाडी बहुतेक वेळा आपली आपण बरी होते, त्यामुळे श्रेय लवंगेला मिळतं. गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याचा शेक हाच खरा घरगुती उपाय, आणि तो डॉक्टरही सांगतात. चुना आणि धुण्याचा सोडा मात्र पापणीजवळ नेऊ नका. चुन्याने बुबुळ भाजलेले रुग्ण मी पाहिलेत. त्यांची नजर परत आणणं गाठ काढण्यापेक्षा फार अवघड. केस बांधून चामखीळ पडते हे खरं, पण पडलेली चामखीळच होती हे कशावरून? ती उकिरड्यावर गेली, तपासायला काही उरलं नाही, आणि मूळ तिथंच राहिलं.

उसात काम करणाऱ्याला होतो का? उन्हामुळे?

ऊन हे बेसल सेल आणि स्क्वॅमस सेल या दोन्हींचं मोठं कारण. एका उन्हाळ्याचं नव्हे, पन्नास वर्षांचं साठलेलं ऊन. खालच्या पापणीवर ते वरून पडतं आणि जमिनीवरून परतूनही येतं. आपल्या कातडीतलं रंगद्रव्य बरंच संरक्षण देतं, म्हणून आपल्याकडे हे प्रकार तुलनेने कमी. पण जन्मभर भांगलण, तोडणी, गुऱ्हाळ केलेल्या माणसाच्या बाबतीत "आपल्याला होत नसतंय" असं म्हणू नये. उन्हात मुंडासं बांधावं, हे आपल्या जुन्या लोकांना कळलं होतं. उद्यमनगर, शिरोलीच्या वेल्डिंगवाल्यांसाठी: वेल्डिंगच्या उजेडात अतिनील किरण असतात, नुसता काळा गॉगल पुरत नाही, तोंड झाकणारी शील्ड घ्या.

तेलग्रंथीच्या कॅन्सरचा उन्हाशी संबंध तितका स्पष्ट नाही. तो साठीच्या पुढे-मागे जास्त दिसतो, बायकांत थोडा अधिक. काही मोजक्या घराण्यांत तेलग्रंथींच्या गाठी आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर एकत्र चालतात. म्हणून मी "घरात कुणाला आतड्याचा आजार होता का?" असं विचारलं की डोळ्याच्या दवाखान्यात हा काय प्रश्न, असा चेहरा करू नका.

एक गोष्ट जरा अवघड, पण सांगायला हवी. झिरोडर्मा पिग्मेंटोसम नावाचा जन्मजात आजार आहे. त्यात कातडीतल्या पेशींना उन्हाने झालेली मोडतोड दुरुस्त करता येत नाही. मुलाला दोन-तीन वर्षांचं असतानाच तोंडभर काळे ठिपके येतात, उजेडात डोळे उघडत नाहीत, आणि शाळेच्या वयात पापणीवर, डोळ्यावर कॅन्सर होऊ शकतो. आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आलं तरच हा आजार होतो, म्हणून नात्यातल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते. आपल्या भागात मामाची मुलगी करायची पद्धत आहे. कुणाला दोष द्यायचा हेतू नाही. पण घरात असं एक मूल असेल तर पुढच्या लग्नाची बोलणी करण्याआधी जनुकीय सल्ला घ्या. आणि त्या मुलाला उन्हापासून अक्षरशः लपवून वाढवावं लागतं.

तांबड्या रश्श्यानं होतो का? एकमेकांचा टॉवेल वापरून?

दोन्ही नाही.

बायॉप्सी केली की कॅन्सर खवळतो म्हणतात. चाकूच लावायचा नाही, असं आमचे पाहुणे सांगतात.

पाहुण्यांनी एखाद्याला ऑपरेशननंतर दगावलेलं पाहिलेलं असतं, आणि त्यांच्या डोक्यात चाकू आधी, मरण नंतर, असा हिशेब बसतो. खरा क्रम उलटा: आजार पुढे गेला होता म्हणून चाकू उशिरा लागला. पापणीचा तुकडा घेतल्याने आजार पसरल्याचं दिसत नाही. न घेतल्याने चुकीचे उपचार चालू राहतात, हे मात्र रोज दिसतं.

होतं काय ते सांगतो. टेबलावर झोपवून पापणीत भुलीचं इंजेक्शन देतात. ते क्षणभर झोंबतं, नंतर काही कळत नाही. गाठ लहान असेल तर पूर्ण काढतात, मोठी असेल तर कडेचा तुकडा घेतात. तेलग्रंथीच्या कॅन्सरचा संशय असेल तर नुसती वरवरची खरवड पुरत नाही, पापणीच्या पूर्ण जाडीतला तुकडा लागतो. शिवाय हा कॅन्सर पापणीच्या आतल्या आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्यात, मधूनमधून जागा सोडत पसरू शकतो. म्हणून वरून निरोगी दिसणाऱ्या पडद्याचेही मोहरीएवढे अनेक नमुने घेतात, प्रत्येकाची जागा नकाशावर लिहून. तुकडे फॉर्मॅलिनच्या बाटलीत पॅथॉलॉजीला जातात. तुम्ही घरी जाता. दोन-तीन दिवस पापणी काळी-निळी राहते.

रिपोर्टला साधारण आठवडा लागतो. पॅथॉलॉजिस्टने विशेष रंगद्रव्यांच्या चाचण्या सांगितल्या तर आणखी काही दिवस. त्या टाळू नका. तेलग्रंथीचा कॅन्सर सूक्ष्मदर्शकाखाली कधीकधी दुसऱ्या प्रकारांसारखा दिसतो, आणि प्रकार चुकला तर पुढचं गणित चुकतं. लॅबमध्ये तुमच्या तुकड्याचे मेणात बसवलेले ठोकळे असतात, त्यांना ब्लॉक म्हणतात. ते आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या काचा (स्लाइड) मागून घेता येतात. दुसरं मत घ्यायचं तर कागदापेक्षा ब्लॉक महत्त्वाचा.

आणखी एक. वारंवार येणारी गाठ तपासल्याशिवाय तिच्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका. सूज उतरते, सगळ्यांना बरं वाटतं आणि तीन महिने वाया जातात.

बाकी कोणत्या तपासण्या?

आधी हाताने: कानापुढे, जबड्याखाली, मानेत ग्रंथी लागतात का. पापणी उलटून बघणं. (पापणी न उलटता तपासलं असेल तर अर्धीच तपासणी झाली, असं समजा.) गाठ लहान आणि बेसल सेल असेल तर बहुतेकदा स्कॅनची गरज नसते. गाठ डोळ्याच्या खोबणीत शिरल्याचा संशय असेल, ती हलत नसेल, तर सीटी किंवा एमआरआय. तेलग्रंथीचा कॅन्सर असेल तर मानेची सोनोग्राफी मी करून घेतोच, आणि गाठ मोठी असेल तर पूर्ण शरीराची तपासणीही.

ऑपरेशनमध्ये गाठ तेवढीच काढतात ना?

गाठ आणि भोवतीची थोडी चांगली दिसणारी पापणीही. बेसल सेलसाठी साधारण ३ ते ४ मिलिमीटर, तेलग्रंथीच्या कॅन्सरसाठी ५ किंवा अधिक. पाच मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण पापणीची सगळी लांबी ३० मिलिमीटरच्या आसपास. एक सेंटिमीटरची गाठ आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच सोडले की दोन तृतीयांश पापणी गेली. गाठ ज्वारीच्या दाण्याएवढी असताना या असं आम्ही कानीकपाळी ओरडतो, ते या हिशेबामुळे.

कडा स्वच्छ आहेत हे कळणार कसं? फ्रोझन सेक्शन नावाची सोय आहे. काढलेल्या भागाच्या कडा लगेच गोठवून पॅथॉलॉजिस्ट तिथल्या तिथं बघतो, आणि "या बाजूला अजून आहे" म्हणाला तर आम्ही अजून काढतो. तोपर्यंत पेशंट टेबलावरच. मोज सर्जरी म्हणून याहून काटेकोर पद्धत आहे, थर काढत, प्रत्येक थराची पूर्ण कड तपासत जाण्याची. ती आपल्या देशात मोजक्या ठिकाणी होते. फ्रोझनची सोय नसेल तर दोन टप्पे: आज गाठ काढायची, रिपोर्ट येईपर्यंत डोळ्याला मलम लावून पट्टी ठेवायची, कडा स्वच्छ आल्या की पापणी बांधायची. घरच्यांना हा मधला काळ भयंकर वाटतो. मला घाईने बांधलेली सुबक पापणी आणि तिच्याखाली राहिलेला कॅन्सर जास्त भयंकर वाटतो.

पापणी काढल्यावर डोळा उघडाच राहणार का?

नाही. उघडा डोळा कोरडा पडून बुबुळ खराब होतं, म्हणून पापणी बांधणं हा ऑपरेशनचा अर्धा भाग.

पापणीचा पाव हिस्सा गेला तर दोन्ही कडा ओढून थेट टाके बसतात. वयस्कर माणसांची पापणी सैल असते, त्यांच्यात तर तिसरा हिस्साही चालून जातो. म्हातारपणाचा हा एवढाच फायदा. अर्ध्यापर्यंत गेली तर डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडची कातडी अर्धगोल कापून सरकवतात.

त्याहून जास्त गेली की उसनवारी. खालच्या पापणीसाठी वरच्या पापणीच्या आतला थर खाली आणतात. वरची कडक पट्टी १० मिलिमीटर उंच असते, तिच्या कडेचा ४ मिलिमीटर भाग जागेवर ठेवून बाकीचा वापरता येतो. ही ह्यूजेस यांची १९३७ ची पद्धत. बाहेरून कातडी कानामागची किंवा दुसऱ्या डोळ्याच्या वरच्या पापणीची. वरची पापणी गेली तर उलट, खालून वर: कटलर आणि बिअर्ड यांची १९५५ ची पद्धत. दोन्हींत काही आठवडे डोळा शिवलेला, बंद राहतो, कारण नव्या भागाला तोपर्यंत जुन्या जागेहून रक्त मिळत असतं. खालच्या पापणीला तीन ते सहा आठवडे, वरच्या पापणीला सहा ते आठ. मग दुसऱ्या छोट्या ऑपरेशनमध्ये तो पूल कापून डोळा उघडतात.

इथं एक गोष्ट आधी सांगा: दुसऱ्या डोळ्याने नीट दिसतं का? दुसऱ्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू असलेल्या आजोबांचा चांगला डोळा दीड महिना शिवला तर ते घरात आंधळे. अशा वेळी एकाच टप्प्यातली दुसरी पद्धत निवडतात किंवा आधी मोतीबिंदू उरकतात.

नाकाकडच्या कोपऱ्यासाठी कपाळाची कातडी वळवून आणता येते. ही युक्ती आपलीच. १७९४ साली लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाची हकिगत छापून आली. टिपूच्या लोकांनी कापलेलं त्याचं नाक पुण्याकडच्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीतून पुन्हा घडवलं होतं. ती वाचून युरोपातले सर्जन जागे झाले. हे सांगितलं की घाबरलेले आबा जरा ताठ बसतात, असा माझा अनुभव.

नवी पापणी हुबेहूब पहिल्यासारखी दिसेल का? नाही. तिला केस नसतील, कड थोडी लालसर राहील. डोळा मिटेल आणि दिसेल, हे पहिलं उद्दिष्ट. चार हातांवरून समोरच्याला पटकन लक्षात येऊ नये, हे दुसरं.

डोळाच काढावा लागतो का?

बहुतेकांना नाही. कॅन्सर खोबणीत खोलवर शिरला असेल तर डोळा आणि भोवतीचा भाग काढावा लागतो. हे सांगताना मला आजही पाणी प्यावं लागतं. अशांपैकी बऱ्याच जणांनी गाठ दोन-तीन वर्षं सांभाळलेली असते. नंतर चष्म्याला जोडलेला कृत्रिम डोळा बसवता येतो.

ऑपरेशनशिवाय, लाइट देऊन किंवा गोळ्यांनी?

लाइट म्हणजे किरणोपचार. ऑपरेशन झेपणार नाही अशा रुग्णात, कडांना आजार राहिल्यास किंवा ग्रंथींत गेला असल्यास त्याचा उपयोग होतो. बदल्यात डोळा कोरडा पडणं, केस जाणं, मोतीबिंदू लवकर येणं. जिथं स्वच्छ काढता येतं तिथं काढणंच बरं. वरवरच्या काही बेसल सेलवर इमिक्विमॉड नावाचं मलम चालतं, पण पापणीच्या कडेशी ते डोळ्याला झोंबतं. खूप पुढे गेलेल्या बेसल सेलसाठी २०१२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेली विस्मोडेगिब ही गोळी आहे; महाग, चव घालवणारी, पायात गोळे आणणारी, तरी एखाद्याचा डोळा वाचवणारी. मोठ्या तेलग्रंथीच्या कॅन्सरमध्ये कधी आधी केमो देऊन गाठ लहान करतात आणि मग ऑपरेशन. हे ठरवायला डोळ्याचा आणि कॅन्सरचा डॉक्टर एकत्र बसावे लागतात.

आजीचं वय ब्याऐंशी. आता कशाला त्रास द्यायचा?

आजीला विचारलंत का? बहुतेक वेळा प्रश्न मुलगा विचारत असतो आणि आजी दाराशी बसलेल्या असतात. गाठ लहान असेल तर हे भुलीच्या इंजेक्शनवर होणारं काम आहे, पूर्ण भूल लागत नाही. न केल्यास दोन वर्षांनी वास येणारी, रक्त जाणारी जखम आणि माश्या, हा त्रास मी पाहिलाय. मात्र आजी अंथरुणाला खिळल्या असतील, हृदय अगदी थकलं असेल, तर सावकाश वाढणाऱ्या बेसल सेलकडे नुसतं लक्ष ठेवणं हाही योग्य निर्णय असू शकतो. तेलग्रंथीच्या कॅन्सरला मी तितकी सवलत देत नाही.

"त्यांना कॅन्सर म्हणू नका हं, हाय खाऊन बसतील."

सही त्यांची घ्यायची असते. मी "वाईट जातीची गाठ" असा शब्द वापरतो. आतापर्यंत एकाही आजोबांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागलेला नाही.

खर्च? आणि मुंबईला जावंच लागतं का?

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरच्या अनेक शस्त्रक्रिया आणि किरणोपचार येतात. वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णालय आणि तो उपचार, दोन्ही योजनेच्या यादीत असावे लागतात आणि मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते. आधी पैसे भरून मागाहून मागायला गेलात तर दमछाक होते. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या टेबलाशी आधी जा. नावाचं स्पेलिंग दोन्हीकडे सारखं आहे ना, ते घरीच बघा. निम्मे हेलपाटे तिथंच होतात.

पहिली तपासणी आणि बायॉप्सी यांसाठी कोल्हापूर सोडायची गरज नाही. सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे, वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, डोळ्यांचे दवाखाने आहेत. लहान गाठींचं ऑपरेशनही इथं होतं. खोबणीत गेलेला, ग्रंथींत पसरलेला किंवा परत आलेला आजार असेल तर परळच्या टाटा हॉस्पिटलसारख्या ठिकाणी सगळे विभाग एका छताखाली मिळतात. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसलं की सकाळी दादर. पण ब्लॉक, काचा, रिपोर्ट घेऊन जा. रिकाम्या हाताने गेलेल्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

घरी गेल्यावर पथ्य काय? वांगं, अंडी बंद का?

वांग्याचा आणि टाक्यांचा काही संबंध नाही. अंडी, मटण, डाळ खा, जखम भरायला प्रथिनं लागतातच. बंद करायचं ते तंबाखू. बिडी, मळलेली तंबाखू, मिश्री, सगळीच. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि लावलेली कातडी काळी पडून गळू शकते. मी ऑपरेशनच्या आधी आणि नंतर काही आठवडे सोडायला सांगतो. सोडली असं बहुतेक जण सांगतात. खिशातली डबी वाजते.

पट्टी ओली करू नका, डोकं मागे टाकून दुसऱ्याकडून धुऊन घ्या. गोठ्यात, चुलीपुढे, उसाच्या फडात टाके असेपर्यंत जाऊ नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, मनाने बंद करू नका. डोळा शिवलेला असताना गाडी चालवायची नाही. एका डोळ्याने अंतराचा अंदाज चुकतो. पट्टीतून रक्त थांबेना, दुखणं एकदम वाढलं किंवा बंद पट्टीखाली डोळ्यात काहीतरी खुपतंय असं वाटलं, तर सकाळची वाट बघू नका.

परत होतो का?

होऊ शकतो. कडा स्वच्छ निघाल्या असतील तर बेसल सेल परत येण्याचं प्रमाण कमी असतं, पण ज्याला एक झाला त्याला उन्हाने खाल्लेल्या कातडीवर दुसरीकडे नवा होऊ शकतो. तेलग्रंथीचा जास्त चिवट. त्यासाठी मी पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी बोलावतो, पुढे सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा, कायम. दर वेळी पापणी उलटून बघायची आणि मान चाचपायची. दोन मिनिटांचं काम आहे, आणि लोक तेवढ्यासाठी गगनबावड्याहून एसटीने येतात, याची मला जाणीव आहे. बाजार, अंबाबाई आणि दवाखाना एका दिवशी जुळवा.

पहिल्यांदा दाखवायला येताना काय आणायचं?

जुन्या सगळ्या चिठ्ठ्या, आधी गाठ काढली असेल तर त्याचा रिपोर्ट, चालू गोळ्या पाकिटासकट. काजळ, सुरमा लावून येऊ नका, पापणीची कड झाकली जाते. सोबत कुणीतरी हवं. आणि जुने फोटो. "गाठ कधीपासून?" म्हटलं की "ही काय, परवा दिवाळीपासून," असं उत्तर येतं, मग नातीच्या बारशाच्या फोटोत ती दिसते, आणि नात आता तिसरीत असते. अल्बम उचलून आणायला नको, मोबाईलमध्ये फोटो काढून आणला तरी चालतो. चेहरा समोरून, चष्मा नसलेला शोधा.